मीठ पडेपर्यंत

बरणी स्वच्छ धुऊन परत केली म्हणून माझ्या घरमालकांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. असा अनुभव मला त्याआधी कधी आला नव्हता, नंतरही आला नाही.

मी तेव्हा साखरखेर्ड्याहून संग्रामपूरला बदलून आलो होतो. पंचायत समितीत पाणीपुरवठ्याचं काम माझ्याकडे. एकटा माणूस, खानावळीचा डबा, वरची एक खोली. राहायला गेलो त्या पहिल्याच रविवारी मालक जिना चढून आले आणि खिडकीत एक लहान चिनीमातीची बरणी ठेवून गेले. भोकराचं लोणचं होतं. मी ते डब्यातल्या भाकरीबरोबर चाटूनपुसून संपवलं. मग घरच्या वळणाप्रमाणे बरणी साबणानं घासली, उन्हात वाळवली, दुसऱ्याचं भांडं रिकामं देऊ नये म्हणून तिच्यात पेढे घातले आणि खाली नेऊन दिली. त्यांनी झाकण उघडून बरणी नाकाशी नेली. पेढे कागदावर ओतले, पुन्हा नाकाशी नेली. "बरं," म्हणाले आणि आत निघून गेले.

त्यानंतर जिन्यात भेट झाली की ते भिंतीकडे पाहायचे. शेवटी काकूंनीच, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मला अडवून विचारलं, "तुमी लोणचं फेकलं का हो?"

"नाही हो, संपवलं की."

"मंग बरणी एवढी काऊन घासली? खाणाऱ्याची बरणी तेलकट येते म्हणतेत हे. फेकणाराच घासून देते."

मी तडक मालकांकडे गेलो. ते शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळं गाव त्यांना सरच म्हणे. मी म्हणालो, "सर, लोणचं चांगलं होतं, पण भोकरांचा चीक नीट निघाला नव्हता. टाळूला चिकटत होतं." त्यांच्या लोणच्यात कुणी खोट काढलेली त्यांना अजिबात खपत नसे. कपाळावर आठ्या चढल्या. तोंडानं मात्र म्हणाले, "खाल्लं म्हणजे तुमी. फेकणारा मानूस खोट नाही काढत. फेकणारा म्हणते, लय झकास होतं सर." आणि काकूंना हाक मारून चहा टाकायला सांगितला.

सर उंच, काटकुळे, घरात कायम पांढऱ्या बनियनवर. सकाळी बुद्धवंदना झाली की ते मधल्या खोलीत शिरत. तिथं भिंतीला लागून बरण्या होत्या. कैरी, लिंबू, आवळा, ओली हळद, सातपुड्याच्या पायथ्याकडून आणवलेली करवंदं. प्रत्येकीच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधलेला. सर एकेक बरणी दोन्ही हातांनी उचलून हलवायचे आणि कान लावून ऐकायचे. आत काय ऐकू येतं ते त्यांनाच ठाऊक. त्या वेळी कुणी मोठ्यानं बोललेलं चालत नसे. काकूंना पित्ताचा त्रास होता, त्या लोणच्याला शिवतही नसत. "माही सवत बरणीत राह्यते," असं त्या मला पहिल्या भेटीतच म्हणाल्या होत्या.

आमच्या त्या भागातलं पाणी खारं. विहिरीचं पाणी गुळणी करायच्या लायकीचं नाही, कपड्याला साबणाचा फेस येत नाही. माझी नोकरी त्याच पाण्याच्या पायी. सरांना या योगायोगाची फार गंमत वाटे. "तुमी पान्यातलं मीठ काढायले आले अन् मी कैरीत घालायले बसलो," असं ते चारचौघांत सांगत. "या पट्ट्यातला मानूस उपजतच खारात पडते. त्याले मुरायले येळ नाही लागत." कैऱ्या धुवायला मात्र ते नळाचं पाणी आलं तरच घेत आणि नळ आला नाही की त्याचा जाब मला विचारत, जणू धरणाची किल्ली माझ्या खिशात होती.

लग्नाचं आमंत्रण ते चुकवत नसत आणि लग्नात जेवत मात्र क्वचित. पान वाढलं की आधी लोणच्याला बोट लावायचं. पटलं तर जेवायचं, नाही तर हात धुऊन उठायचं. सोनाळ्याच्या एका लग्नात मी त्यांच्या शेजारी होतो. बोट जिभेला लावून त्यांनी वाढप्याला थांबवलं.

"याची माय कोन?"

वाढपी गोंधळला. "कोनाची, सर?"

"या लोनच्याची. कोनाच्या हातचं हाय?"

"पाकिटातलं हाय ना, सर."

"म्हनजे अनाथ," सर म्हणाले आणि उठले. वधुपित्यानं हातापाया पडून त्यांना परत बसवलं, तरी त्यांनी नुसता वरणभात खाल्ला. परतताना वाटेत मला म्हणाले, "आपन लोकाच्या घरी जेवतो म्हनजे काय करतो? त्या घरच्या हाताले हो म्हनतो. इथं हातच नाही त हो कोनाले म्हनू?"

मिठाच्या मापाबद्दल त्यांना विचारलं की ते मूठ दाखवत. वजन, वाटी, चमचा काही नाही. "माह्या मायची मूठ." त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिची मूठ लहान होती आणि सरांचा हात पंख्यासारखा मोठा, म्हणून मीठ घेताना ते करंगळी उघडी ठेवत. तेवढ्यानं माप जुळतं असं त्यांचं म्हणणं होतं. खरं सांगायचं तर त्यांचं लोणचं जरा खारटच असे. हे त्यांना सांगायची हिंमत गावात कुणाची नव्हती, माझीही नव्हती.

इतिहास शिकवायची सवय निवृत्तीनं गेली नव्हती. समोर माणूस दिसला की ते सुरू होत. इथं समुद्र नाही, मग मीठ आलं कुठून? लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून आणत, गावोगाव धान्यावर बदलून देत. गोरगरिबांना कधी ते मिळे, कधी मिळत नसे. मिरची तर साता समुद्रापलीकडची. "गोऱ्याच्या जहाजातून आली ती. तिची जात नाही इचारली कोनी. डायरेक्ट सैपाकघरात घेतली." हे वाक्य म्हणताना ते हसत आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत. ऐकणारा हसला नाही तरी त्यांना चालत असे.

त्यांचा मोठा उद्योग बुद्धपौर्णिमेला. त्या दिवशी घरी खीर व्हायची आणि गेल्या वर्षीच्या मुरलेल्या कैरीच्या लोणच्याच्या लहान बरण्या घरोघर जायच्या. आमच्या गल्लीत, बाजारपेठेत, जुन्या सहकाऱ्यांकडे, जातपात न पाहता. किंवा ती नीट पाहूनच म्हणा. खीर खायला या म्हटलं की काही लोकांना साखरेचा आजार आठवे, काहींना उपास. लोणच्याला मात्र कुणी नाही म्हणत नसे.

"खीर समोर बसून खा लागते," सर मला म्हणाले. "लोनच्याले पळवाट असते. घ्या, हसा, अन् मांगच्या दारानं फेका. मले पळवाटच पाह्याची असते."

बरण्या परत यायला लागल्या की ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, कडेला अंगठा फिरवून तेल लागतं का बघायचं. बरणीत कुणी तुरीची डाळ घालून देई, कुणी साखर, कुणी घरचे शेंगदाणे. काही घरांतून वर्षानुवर्षं कोरडंच यायचं, शिजवलेलं कधी नाही. सर कुणाला बोलत नसत. डाळ काकूंकडे जाई आणि पुढच्या पौर्णिमेला त्या घरी पुन्हा बरणी जाई.

आता गणिताच्या सरांविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. हे आमच्या सरांचे शाळेतले सोबती. जमीनजुमला असलेल्या घरातले, गोल चेहऱ्याचे, सज्जन. दोघांनी सगळी नोकरी एका स्टाफरूममध्ये काढली आणि दोघांचा डबा एक. निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर यायचे, भाकरीचा चतकोर मागून घ्यायचे आणि लोणच्याची फोड चोखत बसायचे. दोघांचं बोलणं बे, अबे असं चाले. दर उन्हाळ्यात गणिताच्या सरांच्या मळ्यातून कैऱ्यांचं पोतं आमच्याकडे येई. त्याच कैऱ्यांचं लोणचं बरणीत भरून त्यांच्या घरी जाई. आणि ती बरणी लखलखीत होऊन, तुरीच्या डाळीनं भरून परत येई.

ते लोणचं त्या घरात जातं कुठं, हे सरांना ठाऊक होतं. त्यांच्याकडे सालावर असलेला गडी एकदा रस्त्यात भेटला आणि भाबडेपणानं म्हणाला, "मास्तर, तुमच्यावालं लोनचं म्हंजे लय भारी. मालकीनबाई दरसाल अख्खी बरनी मलेच देतेत."

मालकीणबाई म्हणजे गणिताच्या सरांच्या पत्नी. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. गणिताचे सर आमच्या ओट्यावर खात, पण त्यांच्या उंबऱ्याच्या आत राज्य वहिनींचं आणि त्या आमच्याकडे कधी आलेल्या नव्हत्या. ही गोष्ट दोन मित्रांमध्ये कधी निघत नसे. एक जण दर वर्षी बरणी पाठवत होता आणि दुसरा दर वर्षी डाळ आणून देत होता. मला गणिताच्या सरांची कीव यायची.

"तुम्ही पाठवता कशाला मग?" मी एकदा विचारलं.

सर कैऱ्या फोडत होते. अडकित्त्याखाली कैरी धरून त्यांनी ती खटकन दोन केली. "त्या मळ्यात माही माय कैऱ्या फोडायले जाये," ते म्हणाले. "याच्या बापाच्या येळी. सकायपासून बसे. फोडी करायच्या, कोया काढायच्या, फडक्यानं पुसायच्या. तितपर्यंत तिचा हात चाले. मीठ आनलं की म्हनत, चाल, आता उठ, बाजूले हो. मीठ पडलं की मंग ते लोनचं झालं. मंग तिचा हात नाही चालत."

त्यांनी फोडीतली कोय काढून बाजूला टाकली.

"मजुरीत कोया देत. फोडी त्याईच्या, कोया आमच्या. कोईले जो गर राह्यते ना चिकटून, त्याले माय मीठ-तिखट लावे. तेच आमचं लोनचं." त्यांनी दुसरी कैरी घेतली. "त्या घरात एक डाव माह्या मायची मूठ पानात पडली पाह्यजे. बस. मंग मी बरन्या फोडून टाकतो."

हे त्यांनी चढ्या आवाजात सांगितलं नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मी तिथं असतानाच्या शेवटच्या वर्षी सरांचा रक्तदाब वाढल्याचं निघालं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. लोणच्याकडे बघायचंसुद्धा नाही, अशी ताकीद. सरांनी ती शब्दशः घेतली आणि डोळे मिटून खायला लागले. काकू रडल्या तेव्हा थांबले. पण उत्साह गेला. "स्वतःच्या जिभेले नाही समजत त लोकाले काऊन चारू?" म्हणाले, आणि त्या वर्षीचं लोणचं शेवटचं असं जाहीर केलं. त्या वर्षीची बरणीसुद्धा गणिताच्या सरांकडून डाळ होऊनच आली. सरांनी ती उघडली, वास घेतला आणि पहिल्यांदाच डाळ काकूंना न देता तशीच ओट्यावर राहू दिली. दुपारभर चिमण्या खात होत्या.

पावसाळा सरता सरता वहिनींना टायफॉईड झाला. ताप उतरला पण तोंड गेलं. अन्न समोर आणलं की उमळून यायचं. हाडं दिसायला लागली, असं गणिताचे सर सांगायचे आणि स्वतःही ओट्यावर भाकरी मागायचे नाहीत. अशा आजाऱ्याला आमच्याकडे जुनं लिंबाचं लोणचं देतात, मुरून मुरून काळं पडलेलं. त्यांच्या घरचं जुनं लिंबू उन्हाळ्यातच संपलं होतं. दोन-चार घरी विचारून झालं होतं, पण हल्ली इतकं जुनं कोण ठेवतं? सरांच्या मधल्या खोलीत मात्र ते होतं, हे गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

एके संध्याकाळी गणिताचे सर आले आणि बसले नाहीत. हातात स्टीलचा डबा होता.

"अबे, थोडं जुनं लिंबू दे."

"कोनाले पाह्यजे?" सरांनी विचारलं.

"मलेच."

"तुले इथं भेटते ना. बस, भाकर सांगतो."

"घरी नेतो म्हनलं."

"घरी कोनासाठी?"

गणिताचे सर डब्याचं झाकण लावत-काढत उभे राहिले. मला उठून जावंसं वाटलं, पण जिना त्या दोघांच्या पलीकडे होता.

"नाव सांग अन् घेऊन जाय," सर म्हणाले. "सारी बरनी घेऊन जाय. पन चोरून नाही. तुह्या नावावर तिले नाही चारत मी. तिले मालूम पाह्यजे कोनाच्या घरचं हाय ते."

"आजारी हाय रे ती," गणिताचे सर म्हणाले.

"म्हनून त इचारून राह्यलो."

गणिताचे सर रिकामा डबा घेऊन निघून गेले. काकू आतून आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यावर माझ्यासमोर ओरडल्या. "बाई मरून राह्यली तिकडं, अन् तुमी परीक्षा घेता? मास्तरकी सुटत नाही काऊन तुमची?" सर त्या रात्री जेवलेही नाहीत. मलाही ते त्या दिवशी क्रूर वाटले आणि आजही मी त्यांची बाजू घ्यायला बसलेलो नाही. काकूंनी स्वतः लोणचं काढून पाठवलं असतं, पण त्या बरण्यांचे दादरे सर सोडून कुणी सोडत नसे.

सकाळी वंदना आटोपली आणि सर मधल्या खोलीत न जाता ओट्यावर येऊन बसले. गणिताचे सर गल्लीच्या टोकाला दिसले तेव्हा ते उभे राहिले.

"तिच्यासाठी पाह्यजे," गणिताचे सर आल्या आल्या म्हणाले. "म्या सांगतलं तिले सारं. तू जे बोलला ते बी."

"मंग?"

"रातभर नाही बोलली. सकायी म्हने, जा, घेऊन या."

सरांनी काळ्या लिंबाची ती बरणी आख्खी उचलून त्यांच्या हातात दिली. नेहमीची लहान बरणी नव्हे, जिच्यात ते लोणचं मुरलं तीच. गणिताचे सर ती पोटाशी धरून परत गेले.

त्यानंतर बरेच दिवस बरणी आली नाही. सर रोज ओट्यावर बसत, पण आपण बरणीची वाट पाहतोय असं दाखवत नसत. वर्तमानपत्र धरत. गणिताचे सर येत, वहिनी आता भात खातात, आता अर्धी भाकरी खातात असं सांगत. लोणच्याचं नाव दोघंही काढत नसत. औषधानं गुण आला की लोणच्यानं, हे कळायला मार्ग नव्हता. आणि लोणचं पुन्हा गड्याकडे गेलं का, हेही. माझ्या बदलीची ऑर्डर आली. सामानाची बांधाबांध सुरू केली तेव्हा सर म्हणाले, "जाऊ द्या. ते बी घासूनच येईन." असं हरलेलं बोलणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं आणि मला वाईट वाटलं.

मी निघायच्या आदल्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. वहिनी होत्या. एकट्याच. इतक्या वाळल्या होत्या की पदर खांद्यावर ठरत नव्हता. काकू लगबगीनं पुढं झाल्या, "या ना, बसा." वहिनी आत येऊन खुर्चीवर बसल्या आणि पिशवीतून बरणी काढून त्यांनी स्टुलावर ठेवली.

सरांनी सवयीनं झाकण उघडलं. मी वाकून पाहिलं. बरणीत डाळ नव्हती, साखर नव्हती, काहीच नव्हतं. आतल्या बाजूंना काळा खार चिकटला होता आणि त्यात वरपासून तळापर्यंत बोटांनी निपटल्याच्या रेघा होत्या.

"धुतली नाही मी," वहिनी म्हणाल्या. "धुतली असती त तुमी म्हनले असते, फेकलं."

म्हणजे सरांची ती परीक्षा त्यांना ठाऊक होती. कदाचित सगळ्या गावालाच ठाऊक असावी. सरांनी बरणीच्या कडेला अंगठा फिरवला, त्याला खार लागला. एवढी वर्षं त्यांनी या क्षणासाठी काय काय वाक्यं जुळवून ठेवली असतील, पण त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"पन मीठ जरा जास्त झालं," वहिनी म्हणाल्या.

काकूंनी दचकून माझ्याकडे पाहिलं. सरांनी उजवा हात वर केला, मूठ मिटली, करंगळी उघडी ठेवली आणि त्या मुठीकडे पाहत राहिले.

"माप माह्या मायचं हाय, वहिनी," ते म्हणाले. "ते नाही बदलनार."

"मंग राहू द्या. सवय होऊन जाईन." वहिनींनी बरणी त्यांच्याकडे सरकवली. "याच्यातच भरून द्या."

सर बरणी घेऊन मधल्या खोलीत गेले. दादरा सोडायला त्यांना एवढा वेळ कधी लागत नसे.